घनतेची एककं बदलणारं ॲप: हजाराचा हिशोब चोख, बारीक आकड्यांत मात्र घात

प्रयोगशाळेत माझं घनता मोजायचं काम रोजचंच. पंचवीस मिलीची घनता-बाटली, तराजू, तापमापी आणि वही. बाटलीवरून उत्तर येतं ग्रॅम प्रति मिलिलीटरमध्ये, अहवालात लिहायचं असतं किलोग्रॅम प्रति घनमीटर. रूपांतर तोंडपाठ आहे, पण एका बैठकीत तीस-चाळीस नोंदी असल्या की शून्य इकडचं तिकडे होतं. म्हणून फोनवर हे ॲप घेतलं. चार महिने वापरून लिहिते आहे. पाचपैकी साडेतीन तारे.

एक आकडा टाकला की सगळ्या एककांतली उत्तरं एकाखाली एक दिसतात, हे मला फार आवडलं. ग्लिसरीनची घनता २० अंश सेल्सिअसला १.२६१ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. ती टाकली की ग्रॅम प्रति मिलिलीटर, किलोग्रॅम प्रति लीटर आणि टन प्रति घनमीटर, तिन्हींसमोर १.२६१ च. किलोग्रॅम प्रति घनमीटर, ग्रॅम प्रति लीटर आणि मिलिग्रॅम प्रति मिलिलीटर, या तिन्हींसमोर १२६१. एवढी नावं, पण आकडे दोनच. कामावर नवं कोणी आलं की मी आधी हीच स्क्रीन दाखवते.

‘पायऱ्या दाखवा’ हे बटण तर सोन्यासारखं आहे. मध्यंतरी आमच्याकडच्या एका शिकाऊ मुलीनं पाऱ्याची घनता १३.६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरवरून १.३६ किलोग्रॅम प्रति घनमीटर काढली. मीटरचे सेंटिमीटर १००, किलोचे ग्रॅम १०००, म्हणून १०० नं गुणून १००० नं भागलं. म्हणजे पारा जवळपास हवेइतका हलका झाला! ॲपनं पायरी मांडून दाखवली: घनमीटरमध्ये घन सेंटिमीटर १०० नव्हेत, १०० चा घन, म्हणजे दहा लाख. दहा लाख भागिले हजार, म्हणून गुणक हजार. उत्तर १३,६००. तिला ते तिथल्या तिथे पटलं, मला वेगळं समजवावं लागलं नाही.

माहितीच्या पानावर लीटरची गोष्टही नेमकी दिली आहे. १९०१ ते १९६४ लीटर म्हणजे महत्तम घनतेच्या एक किलो पाण्याचं आकारमान होतं, आणि ते घन डेसिमीटरपेक्षा दशलक्षात सुमारे २८ भागांनी जास्त भरायचं. जुन्या तक्त्यांतला पाच-सहा दशांश स्थळांचा आकडा घेताना हे माहीत असलेलं बरं.

आता तक्रार, आणि ती किरकोळ नाही. ॲप उत्तर तीन दशांश स्थळांवर तोडतं. द्रवांना, धातूंना ते चालून जातं. हवेची घनता २० अंशांना १.२०४ किलोग्रॅम प्रति घनमीटर. ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरमध्ये ती ०.००१२०४ यायला हवी. ॲप दाखवतं ०.००१. तोच आकडा उलट टाकला की १ मिळतो, म्हणजे जाऊन-येऊन सुमारे सतरा टक्के घनता गायब. हायड्रोजन टाकून पाहिला, शून्य अंशांना ०.०८९९. उत्तर ०.०००. ज्याचं वजन मी प्रत्यक्ष करू शकते त्याची घनता शून्य कशी? इथे दशांश स्थळं मोजायचीच नसतात, सार्थ अंक, म्हणजे सुरुवातीची शून्यं सोडून उरणारे अंक, राखायचे असतात. १.२०४ मध्ये चार सार्थ अंक आहेत, तर उत्तरातही चार हवेत. दहाच्या घातांकात उत्तर द्यायची सोय ठेवली असती तरी भागलं असतं.

सापेक्ष घनता ॲपनं एककांच्याच यादीत बसवली आहे, हेही मला पटत नाही. ते पदार्थाच्या आणि पाण्याच्या घनतेचं गुणोत्तर आहे, त्याला एकक नसतं, आणि कुठल्या तापमानाच्या पाण्याशी तुलना केली हे सांगितल्याशिवाय ते अपुरं राहतं. ॲप पाणी नेमकं १ धरतं. २० अंशांना पाणी ०.९९८२ असतं, त्यामुळे तेच ग्लिसरीन २० अंशांच्या पाण्याशी ताडलं तर १.२६३ येतं, ॲप १.२६१ सांगतं. हायड्रोमीटरच्या, म्हणजे द्रवात तरंगवून घनता वाचायच्या नळीच्या, वाचनाशी ताळा घेताना हा फरक डोळ्यांत भरतो. तापमानासाठी एक रकाना दिला असता तर प्रश्न मिटला असता.

द्रवांसाठी मी हे ॲप वापरत राहणार. वायूंच्या नोंदी सध्या हातानंच करते, घातांक मांडून. बनवणाऱ्यांना सार्थ अंकांबद्दल दोनदा लिहिलं आहे, हवेचं उदाहरण जोडून.