लग्नं, पैठणी की पाणपक्षी? नाशिकच्या हौशी फोटोग्राफरने धंद्यात उतरण्याआधी

नाशिकमध्ये कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्याचं वेळापत्रक साधारण ठरलेलं असतं. थंडीत नांदूर मध्यमेश्वरचे पाणपक्षी, पावसाळ्यात अंजनेरीचे कडे, रंगपंचमीला तिवंध्याची रहाड (रंगाच्या पाण्याचा जुना हौद), मध्येच कधी सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर. फोटो चांगले येऊ लागतात, ओळखीचे लोक वाहवा करतात आणि मग याचे पैसे होतील का, हा विचार डोक्यात शिरतो. होतात. पण ज्या फोटोंना वाहवा मिळते, त्यांचे सहसा होत नाहीत.

इथे तीन वाटा शेजारी शेजारी ठेवल्या आहेत: लग्नकार्य, प्रॉडक्ट फोटोग्राफी आणि निसर्ग. निवडताना ‘मला काय आवडतं’ हे नंतर बघा. आधी दोन गोष्टी तपासा: चूक झाली तर तोच फोटो पुन्हा घेता येतो का, आणि पैसे हातात कधी पडतात.

लग्न: पैसा लवकर, माफी नाही

शेवटचं ‘सावधान’ झालं की अंतरपाट दूर होतो. पुढच्या दोन-तीन सेकंदांत अक्षता उडतात, हार पडतात, वाजंत्री सुरू होते आणि चारी बाजूंनी मोबाइल वर येतात. कॅमेऱ्याचा ऑटोफोकस अशा वेळी उडत्या अक्षतांवर जातो. तांदूळ धारदार, नवरा-नवरी धूसर. त्यासाठी डोळे ओळखणारा फोकस चालू ठेवून ट्रॅकिंगची संवेदनशीलता कमी करावी, म्हणजे मध्ये काही आलं तरी फोकस लगेच उडी मारत नाही. ॲपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र) एफ ४ च्या आसपास, शटर १/२५० सेकंद. लेन्स एफ १.८ ची आहे म्हणून ती पूर्ण उघडायची नाही, कारण दोघांपैकी एकाचाच चेहरा स्पष्ट येईल. उभं राहायचं ते बाजूला, दोघांचे चेहरे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर येतील असं. तिथे नेमके अंतरपाट धरलेले गुरुजी आडवे येतात, म्हणून त्यांच्या खांद्यावरून दिसेल एवढ्या उंचीचं स्टूल आधीच आणून ठेवावं.

प्रकाशाचं दुखणं वेगळं. पुस्तकात फ्लॅश छतावर मारायला शिकवतात. गंगापूर रोडच्या किंवा छत्रपती संभाजीनगर रोडच्या लॉन्सवर छतच नसतं, सगळा प्रकाश आकाशात जातो. तिथे छत्री लावलेला फ्लॅश स्टँडवर, चेहऱ्याच्या ४५ अंशांत, ट्रिगरवर चालवावा लागतो. स्टँडच्या पायाशी वाळूची पिशवी हवीच. वाऱ्याने छत्री कलंडली तर ती पाहुण्यांवरच पडते. स्टेजवरच्या जांभळ्या एलईडी पार लाइटचा रंग चेहऱ्यावर बसला की रॉ (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या) फाइलमधूनही नीट निघत नाही. मंगलाष्टकांच्या वेळी रंगीत दिवे बंद ठेवून साधे पिवळसर लावा, हे मंडपवाल्याला आदल्या दिवशी सांगायचं काम फोटोग्राफरचंच. फोटोत आडवे पट्टे येत असतील तर इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल वापरा; तरी राहिले तर शटर १/१०० वर आणून बघा. हळदीला उलटी गंमत असते: पिवळा इतका भडक येतो की लाल चॅनेल कापला जातो (त्यातला तपशील उडतो) आणि गालावरची हळद सपाट रंगासारखी दिसते. नुसता एकत्र हिस्टोग्राम बघून हे कळत नाही. तिन्ही रंगांचा वेगळा बघा आणि एक्स्पोजर अर्धा ते पाऊण स्टॉप कमी ठेवा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा).

सामान जड आहे. दोन बॉडी, दोन्हींत दोन-दोन कार्डांची सोय, २४-७० आणि ७०-२०० एमएमच्या एफ २.८ झूम लेन्स किंवा निदान ३५ आणि ८५ च्या प्राइम (झूम न होणाऱ्या) लेन्स, दोन फ्लॅश, पाच-सहा बॅटऱ्या. एकच बॉडी घेऊन लग्नाची ऑर्डर स्वीकारू नये, मग ती सख्ख्या मावसभावाची का असेना. हळद, सीमांतपूजन, लग्न आणि रिसेप्शन मिळून ३,००० क्लिक सहज होतात. वर्षाला २५ कार्यं केली तर ७५,०००. मधल्या दर्जाच्या बॉडीचं शटर साधारण १.५ ते २ लाख क्लिकसाठी बनवलेलं असतं, म्हणजे बहुतेक क्लिक एकाच बॉडीवर पडले तर दोन-अडीच वर्षांत ते खर्चाला येणार. हिशोब असा मांडा: समजा सामान ३ लाखांचं आणि आयुष्य ४ वर्षं, तर वर्षाला ७५,००० रुपये नुसती झीज, २५ ऑर्डरींवर वाटली तर प्रत्येकी ३,०००. त्यावर मदतनीस, पेट्रोल, अल्बम आणि एडिटिंगचे तास. ३,००० फोटोंतून ६०० निवडले आणि प्रत्येकी एक मिनिट दिलं तरी १० तास जातात, निवडीचा वेळ वेगळा. ‘ओळखीत करून देतो’ म्हणून सांगितलेले दर बहुतेक वेळा या झिजेतच संपतात.

अल्बम १२ बाय ३६ चा असेल तर ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) एक शीट १०,८०० बाय ३,६०० पिक्सेलची होते. घडी बरोबर १८ इंचांवर येते, तिथे कुणाचा चेहरा ठेवायचा नाही. लॅबला फाइल एसआरजीबी या रंगपद्धतीतच द्या, नाहीतर लाल शालू विटकरी होऊन येतो. आणि अल्बमसाठी फोटो निवडायला लोक सहा-सहा महिने लावतात, म्हणून रकमेचा मोठा भाग लग्नाच्या दिवसापर्यंत घेऊन टाका. अल्बमपर्यंत १० टक्क्यांहून जास्त बाकी ठेवली तर ती बाकीच राहते.

हंगाम तुळशीच्या लग्नापासून आषाढी एकादशीपर्यंत. चातुर्मास कोरडा, अधिक महिना आला तर तोही गेला. नवख्याच्या फायद्याची एक गोष्ट मात्र आहे: दाट तिथीला शहरातले सगळे स्टुडिओ एकाच दिवशी अडकतात आणि मदतीला माणूस शोधतात. शिकायचं ते अशा दिवशी, दुसऱ्याच्या जबाबदारीवर. मुख्य फोटोग्राफर स्टेज सांभाळत असताना पाहुण्यांचे चेहरे, कानपिळी, सूनमुख हे टिपायचं. निदान एक हंगाम असा काढल्याशिवाय स्वतःच्या नावावर लग्न घेणं म्हणजे दुसऱ्याच्या आयुष्यातल्या दिवसावर सराव करणं.

प्रॉडक्ट: कंटाळवाणं, पण पुन्हा घेता येतं

नाशिकची खरी जमेची बाजू इथे आहे. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत सुटे भाग, दिंडोरीकडे वायनरी, निफाडला द्राक्ष निर्यातदार, येवल्यात पैठणी. प्रत्येकाला कॅटलॉग, वेबसाइट, व्हॉट्सॲपसाठी फोटो लागतात आणि बरेच जण अजून ट्यूबलाइटखाली मोबाइलवर काढतात.

सामान हलकं: एक बॉडी (लहान, एपीएस-सी सेन्सरची चालेल), ५० ची किंवा ९०-१०५ ची मॅक्रो लेन्स, भक्कम ट्रायपॉड, दोन स्टुडिओ फ्लॅश, ६० बाय ९० सेंमीचे दोन सॉफ्टबॉक्स, पांढरा ॲक्रिलिक पत्रा, काळी आणि पांढरी कार्डशीट, थर्माकोल, एक ग्रे कार्ड (रंग दुरुस्तीसाठीचं राखाडी कार्ड). कॅमेरा वायरने लॅपटॉपला जोडला की ग्राहक तिथेच फोटो बघून ‘हो’ म्हणतो आणि पुढचे फेरे वाचतात.

पैठणी मात्र सोपी समजू नका. धूपछाव पैठणीत ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा असतो, त्यामुळे कोन बदलला की रंग बदलतो. समोरून एकच फोटो दिला तर ग्राहक मोबाइलवर जांभळी बघतो, घरी हिरवट उघडते आणि साडी परत येते. म्हणून निदान दोन फोटो: एक सरळ अंगाचा, एक चुणीचा, ज्यात दोन्ही रंग एकत्र दिसतात. जरीचा प्रश्न निराळा. ती धातूसारखी वागते, समोर जे असेल तेच दाखवते. लहान, थेट दिवा मारला की एक धागा पांढराफटक आणि शेजारचा काळा. तिला बघायला समोर काहीतरी मोठं पांढरं द्या: पदराच्या एका बाजूला सॉफ्टबॉक्स, दुसऱ्या बाजूला तेवढाच थर्माकोल, म्हणजे पदरावरचे मोर सोन्याचे दिसतात. एफ ८, आयएसओ १००, शटर १/१२५, खोलीतले दिवे बंद. ट्यूब चालू राहिली तर सावल्यांत हिरवट झाक उतरते. पहिल्या फोटोत ग्रे कार्ड धरा आणि सगळी मालिका त्यावरून दुरुस्त करा. दिवा हलवला की कार्ड पुन्हा.

वाइनची गडद बाटली समोरच्या दिव्यात काळी दिसते आणि तिच्यात फोटोग्राफरचा शर्टही उमटतो. अरुंद सॉफ्टबॉक्स बाजूला ठेवून बाटलीच्या कडेला एकच लांब रेघ आणा. बाटलीमागे तिच्याच आकाराहून किंचित लहान कापलेलं पांढरं किंवा सोनेरी कार्ड ठेवलं की आतली वाइन उजळते. थंडगार दिसायला हवी असेल तर ग्लिसरीन आणि पाणी निम्मं-निम्मं करून फवारा. नुसत्या पाण्याचे थेंब दिव्याखाली लगेच ओघळतात. लेबल आधी झाका. द्राक्षाचा घड देठालाच धरा. मण्यांवरचा पांढरट थर बोटाने पुसला गेला की तो डाग फोटोत दिसतो आणि घड शिळा वाटतो.

ॲमेझॉनसाठी मुख्य फोटोची पार्श्वभूमी निव्वळ पांढरी (तिन्ही रंग २५५) लागते, वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापावा लागतो आणि झूम चालायला लांब बाजू निदान १,००० पिक्सेल हवी. मागे भडक पांढरा आणि वस्तूच्या कडा विरघळलेल्या, ही नवशिक्याची खूण. मागचा दिवा वस्तूवरच्या दिव्यापेक्षा जेमतेम एक स्टॉप जास्त ठेवा आणि कडेला दोन्हीकडे काळी पट्टी उभी करा.

पैशांत प्रॉडक्टची बाजू लंगडी आहे. कंपनी बिल मागते, पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) देते आणि पैसे दोन-तीन महिन्यांनी. इथे उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, उपयोगी पडते. ती ऑनलाइन आणि मोफत होते, आणि काम घेण्याआधीच करून ठेवावी. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार लहान पुरवठादाराला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. बिलावर नोंदणी क्रमांक छापला की अकाउंट्स विभागाचा सूर बदलतो.

निसर्ग: प्रकल्प म्हणून ठेवा

नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. गोदावरी-कादवाच्या संगमावर थंडीत चक्रवाक, थापट्या, हळदी-कुंकू बदकं, जांभळ्या पाणकोंबड्या दिसतात. पण पक्षी लांब असतात. मनोऱ्यावरून ४०० एमएममध्ये ठिपके येतात, ५००-६०० लागते. ऊन वर आलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि कितीही महाग लेन्स असली तरी पिसं मऊ येतात. हा फोकसचा दोष नव्हे. उडत्या पक्ष्याला १/२०००, ऑटो आयएसओ.

उत्पन्नाचं गणित इथे फसतं. कापून कापून ४ मेगापिक्सेलचा उरलेला फोटो २०० डीपीआयने जेमतेम ८ बाय १२ इंच छापता येतो. हॉटेल किंवा रिसॉर्टच्या भिंतीवर २० बाय ३० हवा असतो आणि त्याला न कापलेले पूर्ण २४ मेगापिक्सेल लागतात. म्हणजे भिंतीवर विकलं जातं ते धुक्यातलं पाणी किंवा पावसातले अंजनेरीचे कडे; पक्षी नव्हेत. स्टॉक साइटवर बदकांचे फोटो ढिगाने आहेत. ६०० ची लेन्स ‘पुढे वसूल होईल’ म्हणून कर्जावर घेण्यापेक्षा हौस म्हणून, हप्ता झेपेल तेव्हाच घ्या.

सिंहस्थाबद्दल थोडंसं

मागचा कुंभमेळा २०१५-१६ मध्ये होता, आताचा २०२६-२८ मध्ये. रामकुंड आणि त्र्यंबकची दृश्यं सगळ्यांकडेच असतील. मागणी असते ती गर्दीआधीच्या आणि नंतरच्या कामाची: घाटांची बांधकामं, आखाड्यांचे मंडप, सफाई कामगार, दुकानदार. वर्षभर एकच विषय धरलात तरच संपादक विचारेल. ज्याचा चेहरा जाहिरातीत वापरायचा त्याची लेखी संमती घ्या. बातमीसाठीचा वापर आणि जाहिरातीसाठीचा वापर वेगळा.

कागद, जो सगळ्यांना लागतो

कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७: मोबदला घेऊन, दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक सांगणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे लग्नाचे फोटो ऑर्डर देणाऱ्या घरचे, पैठणीचे दुकानदाराचे. इन्स्टाग्रामवर पोर्टफोलिओ म्हणून टाकायचे तर कोटेशनमध्येच तशी ओळ हवी. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही.

ड्रोन विकत घेण्याआधी ड्रोनच्या हद्दी दाखवणारा सरकारी नकाशा (डिजिटल स्काय) उघडा. ओझरला एचएएलचं विमानतळ, देवळालीला तोफखाना, नाशिकरोडला नोटांचा छापखाना. अशा शहरात ‘लॉन्सवर वरून एक शॉट’ म्हणणं सोपं नाही. २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला पायलट प्रमाणपत्र लागत नाही, पण रेड झोनची (सरकारी परवानगीशिवाय ड्रोन न उडवण्याच्या भागाची) बंदी त्यालाही आहे.

मग कोणी काय निवडावं

नोकरी आहे, फक्त रविवार मोकळा: प्रॉडक्ट. पैठणी सोमवारी परत द्यायची असते, पण तोवर तिचा फोटो दहा वेळा घेता येतो. नोकरी नाही आणि चार महिन्यांत पैसा हवा आहे: लग्नं, तीही मदतनीस म्हणून सुरुवात करून. दोन्ही एकदम नको. दाट तिथीच्या आठवड्यात कंपनीची डेडलाइन हमखास चुकते.

हौशी प्रकल्प सोडू नका, फक्त तो कोण बघणार ते ठरवून निवडा. रहाडीचे २० फोटो लग्नवाल्याला सांगतात की धावपळीत, रंगात, गर्दीत तुमचा हात स्थिर राहतो. पाणपक्ष्यांचे २० फोटो अंबडच्या कारखानदाराला काहीच सांगत नाहीत. त्याला दाखवायचे तर जुन्या नाशकातल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर महिनाभर काम करा. दिवा भांड्याच्या पातळीत, अगदी बाजूने ठेवा, म्हणजे हातोडीचा एकेक ठोका उठून दिसेल. समोरून फ्लॅश मारला तर घडाई सपाट होते आणि मध्यभागी पांढरा डाग पडतो. धातूवरचा तो डाग ज्याला टाळता येतो, त्यालाच कारखान्यातला खरेदी अधिकारी नमुन्याला चार सुटे भाग पाठवतो.