दोन ग्राफिक्सचा लॅपटॉप, उबुंटू आणि जळगावचा उन्हाळा : वापरानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीपासून हा लॅपटॉप माझ्या रोजच्या वापरात आहे. रायझन ५ ५६००एच प्रोसेसर, त्यातच अंगभूत रेडिऑन ग्राफिक्स, सोबत ४ जीबी मेमरीचे एनव्हीडियाचे आरटीएक्स ३०५० हे स्वतंत्र, अधिक ताकदीचे ग्राफिक्स, आणि त्यावर उबुंटू २४.०४ ही लिनक्स प्रणाली. हिवाळा आणि उन्हाळा असे दोन्ही ऋतू त्यावर खेळून काढल्यानंतरच हे लिहीत आहे, कारण आपल्याकडे या दोन ऋतूंत तोच लॅपटॉप अगदी वेगळा वागतो.

खेळ नेमका कोणत्या चिपवर चालतो आहे, हे अंदाजाने ठरवू नये. आधी डोळ्यांनी पाहावे. त्यासाठी मँगोहड हे छोटे सॉफ्टवेअर टाकावे. चिपचे नाव, तापमान आणि प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या एकेका चित्राला, लागलेला वेळ ते पडद्याच्या कोपऱ्यात दाखवते. एनव्हीडियाने २०१९ मध्ये ४३५ क्रमांकाच्या ड्रायव्हरपासून ‘प्राइम रेंडर ऑफलोड’ची सोय दिली, तेव्हापासून डेस्कटॉप अंगभूत ग्राफिक्सवर ठेवून फक्त खेळ स्वतंत्र ग्राफिक्सवर चालवता येतो. स्टीम या खेळांच्या दुकानातील प्रोटॉन ही सोय विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवते. त्यातले बरेच खेळ डीएक्सव्हीके या भाषांतरकारामार्फत व्हल्कन या ग्राफिक्स प्रणालीवर येतात आणि बहुधा आपणहून मोठी, म्हणजे स्वतंत्र, चिप निवडतात. अडतात ते ओपनजीएल या जुन्या ग्राफिक्स प्रणालीवरचे खेळ. स्टीममधील त्यांच्या लाँच ऑप्शन्समध्ये (खेळ सुरू करतानाच्या आज्ञेत) मूळ आज्ञेच्या आधी ‘प्राइम-रन’ लिहिले की काम होते. खेळताना यंत्राचा वेग वाढवू पाहणारे गेममोडही मी वापरतो, परंतु माझ्या यंत्रावर त्याचा फरक थोडाच जाणवला.

खरा प्रश्न उष्णतेचा आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, खोलीतली हवाच तापलेली असते, आणि माझ्या लॅपटॉपप्रमाणे प्रोसेसर व ग्राफिक्स यांची उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या सामाईक असल्या, तर एकाची उष्णता दुसऱ्याला भोवते. हिवाळ्यात तासन्‌तास स्थिर राहणारा खेळ उन्हाळ्यात थोड्याच वेळात अडखळू लागतो, कारण तापमानाची मर्यादा गाठली की चिप स्वतःच आपला वेग उतरवते. म्हणून उन्हाळ्यात मी प्रोसेसरचे बूस्ट (गरजेनुसार आपणहून वेग वाढवणे) बंद ठेवतो, म्हणजे तो ४.२ गिगाहर्ट्झपर्यंत न चढता ३.३च्या आसपास राहतो, आणि मँगोहडमधूनच फ्रेम सेकंदाला ६० वर बांधतो. जे खेळ मुळात ग्राफिक्सवर अडतात, त्यांत प्रोसेसरचा हा कमी झालेला वेग मला जाणवला नाही. वाचलेली उष्णता मात्र ग्राफिक्सच्या कामी आली. क्षणभर ९० वर जाऊन ४० वर कोसळणाऱ्या फ्रेमच्या आकड्यापेक्षा अखंड ६० मला कधीही अधिक मोलाचे वाटतात. जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतू पंख्याच्या जाळीत अडकतात. ती जाळी उन्हाळ्याआधी साफ करून घेणे हे कोणत्याही सेटिंगइतकेच महत्त्वाचे आहे.

वर सांगितलेल्या प्राइम रेंडर ऑफलोडमध्ये स्वतंत्र चिपने काढलेली प्रत्येक फ्रेम अंगभूत ग्राफिक्सकडे पाठवावी लागते, कारण लॅपटॉपचा पडदा त्यालाच जोडलेला असतो. या ने-आणीत थोडा वेग जातो. एचडीएमआय पोर्ट थेट एनव्हीडियाला जोडलेला असेल, तर बाहेरचा मॉनिटर लावून, एक्सऑर्ग सत्रात (लॉगिन करताना निवडायच्या जुन्या प्रकारच्या डेस्कटॉपमध्ये) ‘प्राइम-सिलेक्ट’ या आज्ञेने एनव्हीडिया मोड निवडल्यास ही ने-आण टळते, मात्र त्या मोडमध्ये ती चिप सतत जागी राहते आणि बॅटरी झपाट्याने उतरते.

संध्याकाळी वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो, ग्राफिक्सला मिळणारी ऊर्जा कमी होते आणि जड खेळ थांबवावाच लागतो. म्हणून इतर वेळी मी ‘ऑन-डिमांड’ (गरजेपुरतीच स्वतंत्र चिप वापरणाऱ्या) मोडवरच राहतो. त्यात रिकामी चिप पूर्ण झोपते आणि लिखाण-वाचनाला बॅटरी पुरते. ती झोपली आहे का हे पाहण्यासाठी ‘एनव्हीडिया-एसएमआय’ ही चिपची स्थिती दाखवणारी आज्ञा चालवू नये, कारण त्यानेच ती जागी होते. त्याऐवजी सिसएफएसमधील (लिनक्स यंत्राची माहिती जिथे फाइलींच्या रूपात दाखवते तिथली) ‘रनटाइम स्टेटस’ची फाइल वाचावी.

ज्यांना व्हॅलरंट हा ऑनलाइन खेळ खेळायचा आहे त्यांनी मात्र विंडोज ठेवावे. त्याची अँटी-चीट (खेळातील फसवणूक रोखणारी) यंत्रणा लिनक्सवर चालत नाही आणि वरच्या कोणत्याही उपायाने त्यात फरक पडत नाही.