पंखाच्या मुळाशी ‘टक्’: बुश आणि जाड बोल्ट बसवल्यानंतरचे आठ महिने

विमान दोन आसनी, स्वतः बांधलेलं, पंख वर आणि खालून स्ट्रटचा, म्हणजे तिरक्या दांड्याचा आधार. जागा वाचावी म्हणून पंख मागे घडी होतात आणि दुखणं तिथूनच सुरू झालं. पंखाचं टोक धरून पुढेमागे हलवलं की मुळाशी ‘टक्’ व्हायचं. हवेत मात्र सगळं शांत. हे फसवं असतं, कारण उडताना लिफ्टच्या भाराने बोल्ट भोकाच्या एका बाजूला दाबून बसलेला असतो. जमिनीवर टॅक्सी करताना दर खड्ड्याला भार उलटतो आणि तोच बोल्ट भोकात आपटत राहतो.

आधी मी करू नये ते केलं. कॅसल नट (पिन अडकवायला वर खाचा असलेला) एक खाच जास्त आवळला. दोन उड्डाणं आवाज बंद! मग पाहिलं तर दुबेळक्याचे, म्हणजे बोल्ट ज्यातून जातो त्या फाट्याचे, दोन्ही कान आत वाकू लागले होते. नंतर बोल्टाभोवती पितळेच्या पातळ पत्र्याची गुंडाळी घातली. तीन तासांच्या उड्डाणानंतर बोल्ट काढला तेव्हा पितळेचे तुकडे हातात आले. ते पाहून मात्र घाम फुटला.

ढिलाई दोन जागी असू शकते, हे तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. एक कानांमधल्या फटीत, तिला योग्य जाडीचा वॉशर पुरतो. दुसरी भोकात, आणि तिला नट कितीही आवळून उपयोग नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे. एकाला टोक हलवायला सांगा आणि आपण बोटाचं पेर बोल्टाचं डोकं आणि कान यांच्या सांध्यावर ठेवा. बारीक हालचाल मोजणाऱ्या डायल गेजच्या काट्याआधी बोटाला कळतं. माझ्याकडे 5/16 इंचाचा, म्हणजे 7.94 मिमीचा बोल्ट होता. भोक उभ्या दिशेने जवळपास ठीक, पण पंखाच्या लांबीच्या दिशेने 8.2 मिमी, चक्क अंडाकृती. पुढच्या आणि मागच्या जोडात 70 सेंटिमीटरचं अंतर, दोन्हीकडे पाव मिलिमीटरहून थोडी जास्त ढिलाई आणि टोक 4.5 मीटर लांब: गणिताने टोकाला साडेतीन मिमीच्या आसपास हालचाल येते. मोजली तेव्हा पाच भरली. वरचा दीड मिमी पंखाच्या स्वतःच्या लवचिकपणाचा असावा.

डिझायनरला मापं पाठवून होकार मिळाल्यावरच कामाला हात घातला. पुढच्या जोडाला जाड बोल्ट. विमानाच्या बोल्टांच्या एनएएस या प्रमाणित मालिकेत दांडा 1/64 किंवा 1/32 इंच जाड असलेले बोल्ट मिळतात. आटे मात्र मूळ मापाचेच, त्यामुळे नट आणि टॉर्क (आवळायचा जोर) बदलत नाही. 1/64 म्हणजे 0.4 मिमी, तेवढ्यात अंडाकृती भाग साफ होत होता. मागचा बोल्ट घडीची बिजागरी आहे, तो पुन्हा झिजणारच, म्हणून तिथे स्टीलचे बुश, म्हणजे भोकात बसणाऱ्या छोट्या नळ्या, दाबून बसवले. पुढच्या वेळी फिटिंगला हात न लावता फक्त बुश बदलेन. बुश जाड घ्यायचा मोह झाला होता, पण भोकाच्या केंद्रापासून कानाची कड 16 मिमीवर. ते अंतर भोकाच्या व्यासाच्या दुपटीला असावं, अगदी कमीत कमी दीडपट, असा दंडक. 11 मिमीचा बुश त्यात बसत नव्हता. 3/8 इंचाचा, म्हणजे साडेनऊचा बसला. दाबल्यावर बुशचं आतलं भोक किंचित आवळतं, म्हणून शेवटचं माप नंतर काढलं.

सगळ्यात वेळ गेला तो रीमर (भोक नेमक्या मापाला कापायचं हत्यार) लावण्याआधी. भोक नव्याने कापलं की पंखाची जागा कायमची ठरते. म्हणून आधी विमान लेव्हलला आणलं, दोन्ही पंखांचे इन्सिडन्स (धडाशी असलेले कोन) आणि टोकापासून शेपटीपर्यंतची तिरकी अंतरं जुळवली. दुसरी खोच अशी की हातातला रीमर आहे त्याच भोकाच्या मागे जातो. भोक वाकडं तर तोही वाकडा. दोन्ही बाजूंना पोलादी गाईड क्लॅम्प केले, कटिंग ऑइल घातलं आणि रीमर फक्त उजवीकडे फिरवला. बाहेर काढतानासुद्धा उजवीकडेच, उलटा फिरवला तर धार जाते. शेवटचा दहावा हिस्सा मिलिमीटर कापताना घरघर थांबून रेशमासारखी सळसळ येते. मग जोड उघडून मधला कीस आणि बर (कडेला उरलेली धातूची कूस) काढायचा. हे टाळू नका.

आठ महिने, साठेक तास. 10, 25 आणि 50 तासांना तपासलं. ‘टक्’ गेला आणि टोकाची हालचाल आता दीड मिमी. डावा पंख जड वाटायचा, म्हणजे उडताना विमान डावीकडे झुकायचं, ते मात्र अजून तसंच. ते रिगिंगचं, म्हणजे पंखांच्या जुळणीचं दुखणं, मी उगाच ढिलाईवर ढकलत होतो.

तक्रार एकच, पण रोजची. घट्ट बसणारा बोल्ट सहजी निघत नाही. घडीला दहा मिनिटं लागायची, आता पंचवीस, शिवाय टोक सांभाळायला माणूस हवा. ठोकून घालायचा नाही, कॅडमियमचा मुलामा खरवडतो. निमुळती पिन आधी घालून भोकं जुळवतो, मग बोल्ट अंगठ्याच्या दाबाने जातो. परिणामी मी पंख कमी वेळा घडी करतो.

50 तासांना उजव्या पुढच्या बोल्टाच्या वॉशरभोवती बारीक तांबूस भुकटीचं कडं दिसलं, म्हणजे पोलाद घासत असल्याची खूण. भोक मोजलं, माप हललेलं नाही. पुसून, ग्रीस लावून, नव्या कॉटर पिनने बंद केलंय. 60 तासांना पुन्हा उघडणार होतो, तो या आठवड्यात उघडेन.