गणपतीचे टी-शर्ट: सुवर्ण गुणोत्तर, वर्गमूळ दोन की मात्रामेरू?

श्रावण लागला की कुडाळ-मालवणाकडची मंडळं टी-शर्टांच्या मागे लागतात. हल्ली त्यातलं एखादं पोर मोबाइलवर शंखासारखी गोल गोल रेघ दाखवतं आणि म्हणतं, "यंदा असं गणितातलं काहीतरी करूया." करूया की. फक्त कुठलं गणित ते आधी ठरवा, कारण कागदावर सगळीच प्रमाणं देखणी दिसतात, कापडावर नाही. माझं स्क्रीन प्रिंटिंगचं काम आहे, त्यामुळे पुढचं सगळं छपाईवाल्याच्या नजरेतून.

सगळ्यांच्या तोंडी असतं ते सुवर्ण गुणोत्तर, म्हणजे लांब बाजू आखूड बाजूच्या १.६१८ पट. उभं चित्र ९ इंच रुंद घेतलं तर उंची होते साडेचौदा. गळ्याखाली तीन इंच सोडून छापायला घेतलं की चित्राचं शेपूट साडेसतरा इंचांवर, म्हणजे ऐन पोटावर येतं. माणूस आरतीनंतर जेवायला बसला की घडी तिथेच पडते. बरं, उंची १२ वर आणावी, तर रुंदी उरते ७.४, आणि एक्सएलच्या छातीवर ते एसटीचं तिकीट चिकटवल्यासारखं दिसतं.

तीच गत त्या रेघेची, म्हणजे सुवर्ण सर्पिलाची. ती ज्या चौरसांवर बेतलेली असते ते आत जाताना आकसत जातात: ११ इंचांच्या चित्रात ६.८ इंच, मग ४.२, २.६, १.६, १, पुढे अर्ध्या इंचाच्या आसपास. आपले शर्ट छापायचे भर पावसात. हवेत इतकी ओल की स्क्रीनवरचं इमल्शन, म्हणजे छपाईच्या जाळीवरचा लेप, पुरतं सुकतच नाही, आणि स्क्रीन धुताना दोन रेघांमधली बारीक भिंत उडून जाते. मग शाई एकमेकींत मिसळते. मी हे एका मंडळासाठी हौसेने करून बसलो होतो. शर्ट उलगडून एका आजोबांनी विचारलं, "ही जिलबी खंयची?" पुढे काही बोलायची सोयच नव्हती.

शिवाय ज्या नॉटिलसच्या, म्हणजे गोल कवचाच्या समुद्री जीवाच्या, नावावर ही रेघ खपते, त्याचं कवच एका पूर्ण फेऱ्यात साधारण तिपटीने वाढतं. सुवर्ण सर्पिल वाढतं ६.८५ पट. दोघांचं जमत नाही. निसर्गातलंच काही हवं असेल तर बाजारातून अननस आणा आणि त्याच्या डोळ्यांच्या तिरक्या रांगा मोजा: एका अंगाने ८, दुसऱ्या अंगाने १३. ते खरं आहे आणि जाड रेघांत छापताही येतं.

तरीही १.६१८ एका जागी चांगलं बसतं: आडवं. ११ इंच रुंद, ६.८ उंच. त्यात ४.२ आकाश, २.६ समुद्र आणि एक होडी. तारकर्लीच्या वाटेवर पाहुण्यांना विकायला शर्ट करणार असाल, तर हेच घ्या.

मंडळाला मात्र मी वर्गमूळ दोन सुचवतो, म्हणजे १.४१४, म्हणजेच आपला ए-फोरचा कागद. २१० बाय २९७ मिलिमीटर. निम्मा दुमडला तरी प्रमाण तेच. यातली गंमत टी-शर्टवाल्यालाच कळते. चित्र एकदाच काढायचं. मोठ्यांच्या पाठीवर ए-थ्री, छातीवर ए-फोर, पोरांच्या शर्टावर ए-फाइव्ह, खिशावर ए-सिक्स. झेरॉक्सच्या मशीनवर ७१ टक्के दाबत जायचं. कुठे काही कापावं लागत नाही, की कडेला पांढरी पट्टी उरत नाही. वाडीतल्या चाळीस जणांत सहा वर्षांच्या पोरापासून पंचाहत्तरीच्या काकांपर्यंत सगळी मापं असतात, तिथे हे फार कामाला येतं.

आणि हे प्रमाण काही कागद कारखान्यातून आलेलं नाही. बौधायनाच्या शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदी आखायच्या भूमितीच्या जुन्या ग्रंथात, ते द्विकरणी म्हणून आहे: चौरसाचा कर्ण, ज्यावर दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस उभा राहतो. तिथे दिलेली किंमत पाच दशांश स्थळांपर्यंत बरोबर येते. चौरसात तिरका चौरस, त्यात पुन्हा सरळ चौरस, एवढंच काढलं तरी डिझाइन होतं. राजापूर तालुक्यातल्या देवीहसोळच्या सड्यावरचं चौकोनी कातळशिल्प पाहिलेल्यांना ते ओळखीचं वाटेल. त्या कातळशिल्पात वर्गमूळ दोन दडलंय असं मात्र शर्टावर छापू नका.

वर्तुळ? सावंतवाडीच्या गंजिफ्याच्या पत्त्यासारखं गोल छान दिसतं, पण होजिअरी कापड आडवं जास्त ताणतं. फळीवर शर्ट चढवताना जरा ओढला गेला की काढल्यावर गोलाचं अंडं. हात बसलेला कारागीर असेल तरच.

राहिला मात्रामेरू, म्हणजे छंदातल्या मात्रा मोजताना निघालेले आकडे, आणि इथे मी पक्षपाती आहे. लघु एक मात्रा, गुरु दोन. चार मात्रा किती प्रकारे भरता येतात? पाच. पाच मात्रा? आठ. सहा? तेरा. विरहांक या छंदशास्त्रकाराने आणि नंतर, ११५० च्या सुमारास, जैन आचार्य हेमचंद्राने छंद मोजताना हे आकडे मांडले. हेच आकडे आज ज्याच्या नावाने ओळखतात, त्या इटलीच्या फिबोनाचीचं पुस्तक १२०२ चं. तेराला आठने भागा, १.६२५ येतं. सुवर्ण गुणोत्तर असं मागच्या दाराने घरात येतं, आणि जिलबीही होत नाही.

डबलबारीवाल्या, म्हणजे भजनाचे सामने करणाऱ्या, एका भजनी मंडळासाठी मी चार मात्रांचे पाचही प्रकार छापले. लघु म्हणजे दोन इंचांचा ठोकळा, गुरु म्हणजे चार इंचांचा. पाच ओळी, प्रत्येक आठ इंच लांब, आणि सगळं मिळून ए-फोरमध्ये बसतं. एकच रंग, एकच स्क्रीन, ठोकळे जाड, त्यामुळे पावसाने काही बिघडवलं नाही. खाली नाव नाही, श्लोक नाही. मंडळातल्या अर्ध्या लोकांना त्या विटा वाटल्या, हेही सांगतो. पखवाजवाल्याने मात्र शर्ट मांडीवर पसरला, तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं, आणि लघु-गुरु-लघु मांडीवरच वाजवून दाखवलं.