मुलांची हार्मनी: कॅनन, धरलेला ‘सा’ की थेट दुसरा आवाज?

वर्ग एकसुरात नीट गाऊ लागला की पुढचा प्रश्न येतोच: हार्मनी, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळे स्वर जुळवून गाणं, कुठून सुरू करायची? बहुतेक जण कॅननकडे वळतात. चाल एकच, फक्त दुसरा गट एक ओळ उशिरा उचलतो. नवं काही पाठ करायचं नसतं, चालच अशी बांधलेली असते की ओळी एकमेकींवर पडल्या तरी स्वर जुळतात. पहिल्याच तासाला भारदस्त ऐकू येतं, पालकही खूश.

पण कॅनन चालू असताना मुलांकडे नीट बघा. एकाने कानात बोट घातलेलं असतं, दुसरी डोळे मिटून ओरडत असते. आपली ओळ सुटू नये म्हणून शेजारचा आवाज ऐकायचाच नाही, ही युक्ती त्यांना कुणी शिकवावी लागत नाही. मग हार्मनी ऐकू येते ती फक्त समोर बसलेल्यांना.

धरलेला ‘सा’ त्यामानाने अगदीच साधा. अर्धा वर्ग ‘सा’ लांबवतो, उरलेले त्यावर सावकाश सा-रे-ग-रे-सा गातात. ‘रे’वर आवाज एकमेकांना घासतात, ‘ग’वर निवळतात, आणि तो फरक मुलांना सांगावा लागत नाही. मात्र पेटी बंद ठेवा. ‘सा’शी खरा जुळणारा शुद्ध गंधार पेटीच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट उतरलेला असतो (अर्धस्वर म्हणजे १०० सेंट). तो कानानेच सापडतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन कर्वेन यांनी रुळवलेल्या आणि पुढे संगीत शिकवण्याच्या हंगेरीच्या कोदाय पद्धतीत आलेल्या हाताच्या खुणा (प्रत्येक स्वराला एक ठरलेली खूण) इथे फार कामाच्या: डावा हात ‘सा’वर स्थिर, उजवा फिरता, प्रत्येक गटाला एक हात. हवं तिथे थांबता येतं, हे कॅननमध्ये जमत नाही.

तोटा? कंटाळा. आणि ‘सा’ धरणारा गट हळूहळू उतरतो, कारण सगळे एकदम श्वास घेतात. श्वास आळीपाळीने घ्यायला लावा, दोन-तीन मिनिटांनी गट बदला.

थेट दुसरा आवाज, म्हणजे चालीच्या खाली समांतर चाल, मी तरी सुरुवातीला घेणार नाही. मुलं ओळखीच्या चालीकडे घसरतात. घ्यायचाच असेल तर आधी तो सगळ्यांना स्वतंत्र गाण्यासारखा शिकवा, आणि सगळे पक्के गाणारे एकाच बाजूला देऊ नका.

कार्यक्रम पंधरा दिवसांवर आला असेल तर बिनधास्त कॅनन घ्या. हाताशी वर्ष असेल तर पहिले काही आठवडे ‘सा’, आणि कॅनन त्यानंतर, एका अटीवर: शेजारचा गट ऐकू आला पाहिजे. येत नसेल तर न थांबता आपलाच आवाज कमी करायचा.