‘अनील’ इंधन: बंडल आठपट टिकेल, पण युरेनियम वाचेल का?

थोरियमसाठी नवी अणुभट्टी बांधायला नको, आहे त्याच जड पाण्याच्या भट्टीत बंडल (इंधनाच्या कांड्यांचा जुडगा) बदला आणि चालवा, असा ‘अनील’ इंधनाचा दावा आहे. शिकागोच्या क्लीन कोअर थोरियम एनर्जी या कंपनीचे हे उत्पादन. नाव ‘ॲडव्हान्स्ड न्यूक्लिअर एनर्जी फॉर एनरिच्ड लाइफ’ याचे आद्याक्षरी रूप आहे आणि ते अणुऊर्जा आयोगाचे माजी अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर यांच्या सन्मानार्थ ठेवले आहे. त्यामुळे मराठी वाचकाला त्याबद्दल आपुलकी वाटणे साहजिक आहे. परीक्षण मात्र बंडलाचे करायचे आहे, नावाचे नाही.

आत काय आहे ते आधी पाहू. थोरियम स्वतः पेट घेत नाही. त्याला न्यूट्रॉन द्यावा लागतो, मग तो प्रोटॅक्टिनियम-२३३ मार्गे युरेनियम-२३३ होतो आणि ते विखंडन पावते, म्हणजे त्याचा अणू फुटून ऊर्जा सुटते. सुरुवातीचे न्यूट्रॉन पुरवायला अनीलमध्ये थोरियमबरोबर ‘हेल्यू’ मिसळले आहे, म्हणजे ५ ते २० टक्क्यांपर्यंत समृद्ध केलेले (सहज विखंडन पावणाऱ्या युरेनियम-२३५ चे प्रमाण तेवढे वाढवलेले) युरेनियम. बंडलाचा बाहेरचा आकार नेहमीचाच ठेवला आहे, म्हणून इंधन भरणारे यंत्र बदलावे लागत नाही. ही या उत्पादनाची सर्वांत शहाणपणाची बाजू.

भारतीय जड पाण्याच्या भट्टीला थोरियमचे बंडल नवे नाही. गुजरातमधल्या काक्रापार-१ भट्टीच्या पहिल्या भरणीतच ३५ थोरियम बंडले होती. सगळे इंधन ताजे असले की भट्टीच्या मध्यभागी शक्ती उसळते. तिथे न्यूट्रॉन शोषणारे थोरियम ठेवले की ती सपाट होते आणि सुरुवातीपासून पूर्ण शक्तीवर चालवता येते. पण तिथे थोरियमचे काम शोषकाचे होते. अनीलमध्ये ते इंधनाचे आहे.

आता आकडे. २२० मेगावॅटच्या भट्टीत बंडले ठेवण्याच्या ३०६ दाबनळ्या आणि प्रत्येकीत १२ बंडले, म्हणजे एकूण ३,६७२. नैसर्गिक युरेनियम टनाला साधारण ७ गिगावॅट-दिवस (एक गिगावॅट शक्ती दिवसभर म्हणजे एक गिगावॅट-दिवस) उष्णता देते आणि रोज आठेक बंडले बदलावी लागतात. अनीलचे लक्ष्य टनाला ६० गिगावॅट-दिवस आहे, म्हणजे रोज एक बंडल. कंपनी सांगते की साठ वर्षांत सुमारे १,७५,००० ऐवजी २२,००० बंडले लागतील. हिशेब जुळतो. वापरलेल्या बंडलांच्या साठवणुकीची जागा खरोखरच मोठ्या प्रमाणात वाचेल, आणि प्लुटोनियमही कमी तयार होईल. विखंडनातून उरणारी किरणोत्सारी राख मात्र तेवढीच राहते. ती विजेच्या प्रमाणात तयार होते, बंडलांच्या संख्येवर नाही. म्हणून एकेका बंडलाची उष्णता आणि प्रारण जास्त असणार.

याच हिशेबाची दुसरी बाजू कमी बोलली जाते. ३,६७२ बंडलांमधून रोज एकच बाहेर काढायचे म्हटले, तर प्रत्येक बंडल भट्टीत सरासरी दहा वर्षे बसेल. आज ते पंधरा महिन्यांत बाहेर येते. या बंडलांतल्या प्रत्येक कांडीची झिरकॅलॉय (झिर्कोनियमच्या मिश्रधातूची) नळी जेमतेम ०.४ मिलिमीटर जाडीची असते. गरम दाबाखालच्या पाण्याने ती पेलेटवर, म्हणजे आतल्या इंधनाच्या वडीवर, चपटी बसावी अशीच तिची रचना आहे, आणि विखंडनातून सुटणाऱ्या वायूला आत जागा जवळजवळ नसते. दहा वर्षे गंज चढणार, धातूत हायड्रोजन मुरून नळी ठिसूळ होणार, वायूचा दाब वाढत जाणार आणि प्रवाहाच्या कंपनाने बंडल दाबनळीवर घासत राहणार. थोरियम ऑक्साइडची बाजू इथे भक्कम आहे. त्याचा वितळणबिंदू ३,३०० अंश सेल्सिअसच्या आसपास, उष्णता वाहून नेण्याची क्षमता चांगली, आणि नळीला भोक पडले तरी युरेनियम ऑक्साइडसारखे ते आणखी ऑक्सिजन घेऊन फुगत नाही. पण पेलेट टिकले म्हणून नळी टिकेलच असे नाही.

अमेरिकेतल्या आयडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेत २०२४ पासून छोट्या नमुन्यांवर किरणन चाचणी (भट्टीत ठेवून न्यूट्रॉनांचा मारा) झाली, तिने पेलेटबद्दलचा विश्वास वाढवला. पूर्ण लांबीचे बंडल, जड पाण्याचा वेगवान प्रवाह आणि यंत्राची ढकलाढकल यांची परीक्षा त्यात होत नाही.

भट्टी चालवणाऱ्यांसाठी तीन गोष्टी महत्त्वाच्या. २२० मेगावॅटच्या भट्टीत एका वेळी आठ बंडले सरकवण्याची रीत आहे. समृद्ध इंधनाची आठ बंडले एकदम घातली तर त्या दाबनळीत शक्ती धोकादायक उसळी घेईल, म्हणून दोन-दोन सरकवावी लागतील. म्हणजे यंत्राला रोजऐवजी दोन दिवसांनी एकदा दाबनळीवर जावे लागेल. बंडले आठपट कमी झाली तरी यंत्राचे काम निम्मेच होईल.

दुसरी गोष्ट प्रोटॅक्टिनियमची. त्याचे अर्धायुष्य २७ दिवसांचे आहे. भट्टी महिनाभर बंद राहिली की त्यातले निम्म्याहून अधिक युरेनियम-२३३ झालेले असते आणि भट्टीची प्रतिक्रियाशीलता, म्हणजे साखळी प्रक्रिया वाढण्याचा कल, वाढलेली असते. बंद करतानाच्या नोंदींवरून पुन्हा चालू करण्याचा हिशेब मांडला तर तो चुकेल.

तिसरी गोष्ट साठवणीची, आणि आमच्या मते सर्वांत कमी चर्चिलेली. नैसर्गिक युरेनियमची बंडले साध्या पाण्यात कशीही रचली तरी साखळी प्रक्रिया सुरू होऊच शकत नाही. आपली इंधन-कोठारे आणि वापरलेल्या इंधनाचे तलाव या भरवशावर बांधले आहेत. हेल्यू असलेल्या ताज्या बंडलाला ही मुभा नाही. मांडण्यांमधले अंतर, बोरॉनचे शोषक, आग लागल्यास पाणी मारण्याचे नियम, सगळे नव्याने तपासावे लागेल. ‘भट्टीत काहीच बदल नाही’ हे वाक्य भट्टीपुरते खरे असेल, पण कोठाराला ते लागू पडत नाही.

आणि युरेनियम? १९.७५ टक्के समृद्धीचे एक किलो हेल्यू बनवायला, शिल्लक मालात ०.२५ टक्के युरेनियम-२३५ सोडले तर, सुमारे ४२ किलो नैसर्गिक युरेनियम लागते. ६० गिगावॅट-दिवस उष्णता आजच्या पद्धतीने काढायला साडेआठ टन नैसर्गिक युरेनियम खर्च होते. म्हणजे एक टन अनीलमध्ये २०० किलो हेल्यू असेल तर बरोबरी झाली, खाणीतले युरेनियम काहीच वाचले नाही. बचत त्याखाली सुरू होते. खरेदीदाराने पहिला प्रश्न हाच विचारावा: टनाला हेल्यू किती किलो, आणि किती टक्क्यांचे?

ते हेल्यू आयात करावे लागेल. व्यापारी प्रमाणावर ते देणारा जुना पुरवठादार रशिया आहे, अमेरिकेत उत्पादन आत्ता कुठे सुरू झाले आहे. आयात इंधन आंतरराष्ट्रीय देखरेखीखालच्या भट्ट्यांतच वापरता येते. काक्रापार, नरोरा, रावतभाटा त्यात येतात. तारापूर-३ व ४ आणि कैगा येत नाहीत, त्यामुळे महाराष्ट्रातल्या जड पाण्याच्या दोन्ही भट्ट्या सध्या या इंधनाच्या बाहेर आहेत. कंपनीला भारताला तंत्रज्ञान देण्याची अमेरिकी परवानगी २०२५ मध्ये मिळाली, पण त्याने हेल्यूचा पुरवठा ठरत नाही.

तरीही प्रयोग करण्याजोगा आहे, आणि तो व्हावा असे आम्हाला मनापासून वाटते. देखरेखीखालच्या एका भट्टीत कमी शक्तीच्या कडेच्या दाबनळीत दोन बंडले घालावीत. टनाला १५, ३० आणि ४५ गिगावॅट-दिवसांवर एकेक बाहेर काढता यावे म्हणून पुढच्या जोड्या टप्प्याटप्प्याने घालाव्यात. प्रत्येक वेळी गरम कोठडीत (किरणोत्सारी वस्तू दुरून हाताळण्याच्या जाड भिंतींच्या खोलीत) कांडीची नळी भोसकून वायू मोजावा, झिरकॅलॉयमधला हायड्रोजन तपासावा, टोकाच्या पट्ट्यांची झीज मोजावी. कोठारातल्या मांडण्यांचे काम पहिले बंडल येण्याआधी पुरे व्हायला हवे.