एलएसडी म्हणून विकलेला कागद

माझ्या धाकट्या भावाला एलएसडी, म्हणजे भास घडवणारं नशेचं द्रव्य, म्हणून विकलेल्या कागदात एलएसडी नव्हतंच. होतं ते २५आय-एनबोम, भास घडवणारंच पण वेगळं कृत्रिम द्रव्य. विकणारा मित्राचाच मित्र. "एलएसडीनं कोणी मरत नाही," असं त्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं. एका पदार्थाची हमी देऊन दुसराच हातात ठेवायचा, हाच त्याचा धंदा.

हे खपतं कसं, ते समजून घ्या. एलएसडीची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, म्हणून नखाएवढ्या कागदावर ती मावते. २००३ मध्ये मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाचा संदेश घेणाऱ्या रिसेप्टरच्या संशोधनातून पुढे आलेलं हे एनबोमही तितक्याच कागदावर बसतं. वरचं चित्र तेच, त्यामुळे डोळ्यांना काही कळत नाही. जिभेला मात्र कळू शकतं. एलएसडीला जवळपास चव नसते. भावाला कागद कडूजहर लागला, जीभ बधिर झाली. त्यानं विचारलं तर उत्तर आलं, "शाईची चव आहे."

मग छाती धडधडू लागली, अंग भट्टीसारखं तापलं, जबडा आवळला गेला. सोबतच्या मुलांनी घाबरून त्या विक्रेत्यालाच फोन केला. तो म्हणाला, "ट्रिप बिघडलीय, अंधाऱ्या खोलीत झोपवा, दवाखान्यात नेऊ नका." पैसे घेतले त्यापेक्षा हे मला भयंकर वाटतं. स्वतःची मान वाचवायला त्यानं माझ्या भावाचा जीव टांगणीला लावला. फिट आल्यावरच त्याला रुग्णालयात हलवलं.

एनबोमवर उतारा नाही. डॉक्टरांनी झटके थांबवणारी औषधं दिली, अंग थंड केलं. स्नायूंची मोडतोड होऊन मूत्रपिंडांवर ताण आला होता, तो हळूहळू उतरला. पण हलत्या वस्तूंमागे त्याला अजूनही रेघा ओढल्यासारख्या दिसतात.

एलएसडी खरं असतं तरी धोका होताच. भीतीचे झटके, भ्रम, आणि घरात स्किझोफ्रेनियाचा इतिहास असेल तर त्याहून वाईट. पण निदान डॉक्टरांना सांगितलेलं नाव तरी खरं ठरलं असतं. नेहमीच्या लघवीच्या तपासणीत एनबोम सापडत नाही.

म्हणून कोणाला ताप चढला, छाती धडधडू लागली किंवा झटका आला, तर विकणाऱ्याला विचारत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. काय म्हणून घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा आणि उरलेला तुकडा फेकू नका, सोबत न्या. भावाच्या खिशात एक उरला होता, खास प्रयोगशाळेत त्याचीच तपासणी झाली आणि पदार्थाचं खरं नाव कळलं.